सारखं, जवळचं, वेगळं : ऑन्टॉलॉजींच्या तुलनेविषयी

प्रस्तावना

बाजार समितीच्या आवारात ज्वारीचा लिलाव झाला, माल काट्यावर चढला, की शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी पडते. तिच्यावर शेतमालाच्या रकान्यात कधी नुसतं ‘ज्वारी’ असतं, कधी ‘मालदांडी’, कधी ‘मंगळवेढा’, कधी ‘हायब्रीड’. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची त्यात कुठेही गफलत होत नाही. ज्वारी हे पिकाचं नाव, मालदांडी हे वाणाचं, मंगळवेढा हे गावाचं आणि हायब्रीड ही बियाणं कसं तयार झालं त्याची खूण, हे हमालापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. संगणकाला मात्र हे चार शब्द एकाच रकान्यात भरून दिले, की तो त्यांना चार वेगळे शेतमाल समजतो. मंगळवेढ्याहून आलेली मालदांडी ज्वारी त्याच्या हिशोबात दोनदा मोजली जाते, नाहीतर एकदाही नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण अशाच पट्ट्यांमधली माहिती, पेरणीच्या शिफारशी आणि बियाणं विक्रेत्यांकडचा साठा या तिन्ही गोष्टी एकत्र जोडायला बसलो होतो. गावापासून जवळ काय मिळतं, कुठे मिळतं, कितीला मिळतं, हे शेतकऱ्याला एका जागी दिसावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी आम्ही संकल्पनांची एक मांडणी तयार केली. त्यात दोन वाक्यं अशी होती : बियाणं हा धान्याचा एक प्रकार आहे, धान्य हा खाद्यपदार्थाचा एक प्रकार आहे. वाचताना दोन्ही बरोबर वाटतात. चाचणीच्या दिवशी शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्यानं ‘खाण्याचं धान्य’ निवडलं, आणि यादीत बीजप्रक्रिया केलेल्या ज्वारीच्या पिशव्या आल्या. ते पडद्याकडे बघून म्हणाले, “अहो, हे पेरायचं बियाणं आहे. औषध चोळलंय याला. हे कोण खाणार?”

संगणकानं चूक केली नव्हती. आमच्या दोन वाक्यांवरून जो निष्कर्ष निघतो तोच त्यानं काढला होता. चूक मांडणीत होती, आणि ती मांडणी आम्ही दुसऱ्या कुठल्याही मांडणीशी ताडून न बघता वापरायला घेतली होती. चाचणीतच ती सापडली म्हणून निभावलं. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते त्या दिवसामुळे.

अशा मांडणीला संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. तत्त्वज्ञानात या शब्दाला सत्ताशास्त्र किंवा सत्तामीमांसा असे मराठी प्रतिशब्द आहेत; जगात काय काय आहे आणि ते कोणत्या प्रकारचं आहे, याचा विचार करणारी ती शाखा. संगणकाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ पुष्कळ आटोपशीर झाला. टॉम ग्रुबर यांनी 1993 मध्ये केलेली व्याख्या आजही बहुतेक जण आधाराला घेतात. तिचा आशय असा : एखाद्या विषयाकडे बघताना आपण मनात ज्या संकल्पना धरतो, त्या उघडपणे आणि नेमकेपणानं लिहून ठेवणं म्हणजे ऑन्टॉलॉजी. यातला ‘उघडपणे’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आडत्याच्या डोक्यात जे स्वच्छ असतं ते कागदावर आलेलं नसतं. ते कागदावर आणायचं, आणि असं आणायचं की त्यावरून यंत्रालाही निष्कर्ष काढता यावेत. या पुस्तकात मी ‘ऑन्टॉलॉजी’ हाच शब्द ठेवला आहे, कारण काम करणारी मराठी माणसं रोज तोच वापरतात. जिथे साधा शब्द चालतो तिथे ‘मांडणी’ म्हटलं आहे.

सिमँटिक वेबची कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली ती मे 2001 मध्ये. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा लेख तेव्हा ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला. वेबवरची पानं माणसं वाचतात. त्या पानांमागची माहिती यंत्रांनाही अर्थासकट वाचता यावी, एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणच्या माहितीशी आपोआप जोडता यावी, हे त्यामागचं स्वप्न. त्यासाठी लागणारी साधनं एकेक करून आली. प्रत्येक विधान तीन तुकड्यांत लिहायची आरडीएफ ही पद्धत 1999 मध्ये प्रमाणित झाली. संकल्पनांमधले नियम लिहिण्याची आउल ही भाषा 2004 मध्ये आणि तिची दुसरी आवृत्ती 2009 मध्ये आली. त्याच वर्षी शब्दसंग्रह आणि वर्गीकरणांसाठी स्कॉस आलं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं ही सगळी प्रमाणं खुली ठेवली, आणि मग जगभर ऑन्टॉलॉजी तयार होऊ लागल्या.

काही तर त्याआधीच सुरू झाल्या होत्या. व्यवहारज्ञान संगणकाला शिकवण्यासाठी डग्लस लेनाट यांनी ‘साइक’ प्रकल्पाला 1984 मध्ये हात घातला. माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांची माहिती सांभाळणारे तीन गट 1998 मध्ये एकत्र आले आणि ‘जीन ऑन्टॉलॉजी’ उभी राहिली. ग्रंथ आणि दस्तऐवजांच्या वर्णनासाठी डब्लिन कोअर, माणसांच्या ओळखीपाळखीसाठी फोफ, संग्रहालयांतल्या वस्तूंसाठी सिडॉक सीआरएम, शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोवॉक, रुग्णांच्या नोंदींसाठी स्नोमेड सीटी. आणि पुढे 2011 मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी मिळून सुरू केलेलं स्कीमा डॉट ऑर्ग, जे आज असंख्य वेबपानांच्या पोटात असतं.

म्हणजे नव्यानं काम सुरू करणाऱ्यापुढे पाटी कोरी नसते. एकाच विषयावर दोन, तीन, कधी दहा तयार मांडण्या समोर असतात. यातली कोणती घ्यायची? दोन घेतल्या तर त्यांचा मेळ कसा घालायचा? ‘तुलना’ या एका शब्दात हे दोन्ही प्रश्न आहेत, आणि पुस्तकाचे दोन भागही त्यांवरूनच पडले आहेत.

प्रश्न आधी, मांडणी नंतर

कोणती ऑन्टॉलॉजी चांगली, असं मला विद्यार्थी विचारतात तेव्हा मी उलट विचारतो : तुम्हाला तिच्याकडून कोणत्या प्रश्नांची उत्तरं हवी आहेत? टोरंटो विद्यापीठात मायकेल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी 1995 च्या सुमारास हाच आग्रह धरला. मांडणी हाती घेण्याआधी तिनं ज्यांची उत्तरं द्यायची ते प्रश्न लिहून काढा, आणि मग त्या प्रश्नांवर तिची परीक्षा घ्या. पद्धत साधी आहे, पण तुलनेला ती जमिनीवर आणते. संकल्पनांची संख्या मोजून काही हाती लागत नाही. स्नोमेड सीटीमध्ये साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत आणि डब्लिन कोअरच्या मूळ संचात फक्त 15 घटक. तरी जुन्या मराठी मासिकांच्या अंकांची सूची करायची असेल, तर ते 15 घटक तुमचं काम करतील आणि साडेतीन लाख संकल्पना करणार नाहीत.

काटापट्टीवरच्या चार शब्दांकडे पुन्हा बघा. तिथे अडचण शब्द कमी असण्याची नव्हती. चार वेगळ्या पैलूंचे शब्द एका रकान्यात कोंबले गेले होते. ही अडचण आपल्याकडे एका ग्रंथपालानं फार आधी ओळखली होती. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी मद्रासमध्ये काम करताना 1933 साली कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. प्रत्येक विषय आधी पैलूंमध्ये सोडवायचा आणि मग ते पैलू जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवायचा, ही त्यांची रीत. मुख्य विषय, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ असे पाच पैलू त्यांनी धरले. आज ऑन्टॉलॉजींची तुलना करताना मी पहिल्यांदा हेच बघतो : वाण, स्थळ, हंगाम आणि उपयोग हे पैलू मांडणीनं वेगळे ठेवले आहेत, की एकाच झाडाच्या फांद्या करून टाकले आहेत?

जगात काय आहे, याविषयीची भूमिका

प्रत्येक ऑन्टॉलॉजीच्या मुळाशी एक भूमिका असते. काही मांडण्या ती स्पष्ट सांगतात, बऱ्याच सांगत नाहीत. ज्या सांगतात त्यांत सगळ्यात वरच्या पातळीच्या दोन मांडण्या मुद्दाम अभ्यासाव्यात. एक बीएफओ. तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांच्या पुढाकारातून ती आकाराला आली आणि 2021 मध्ये आयएसओ प्रमाणाचा भाग झाली. दुसरी डॉल्चे, इटलीतल्या त्रेंतो इथे निकोला ग्वारिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली. काळातून टिकून राहणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि काळात घडणाऱ्या गोष्टी वेगळ्या, हा भेद दोघींनाही मान्य आहे. ज्वारीचं ताट टिकून असतं. पेरणी, काढणी, मळणी घडते. पण बीएफओ विज्ञान ज्या वास्तवाचं वर्णन करतं त्याला धरून चालायचं म्हणते, तर डॉल्चे माणसाची भाषा आणि व्यवहारबुद्धी जगाचे जे भाग पाडते ते टिपू पाहते.

हा फरक पोथीतला वाटेल, पण त्याची झळ रोजच्या कामाला लागते. मडकं आणि ज्या मातीचं ते बनलं ती माती, या दोन गोष्टी की एक? डॉल्चेच्या मते दोन. त्या एकाच जागी, एकाच वेळी असू शकतात, कारण मडकं फुटलं तरी माती उरते. आपल्या दर्शनांमध्ये हा घट आणि मृत्तिकेचा वाद शतकानुशतकं चालला. न्याय-वैशेषिकांनी घट हा मातीहून वेगळा, नव्यानं उत्पन्न झालेला मानला. सांख्यांनी तो मातीत आधीपासूनच असतो असं म्हटलं. ज्यानं लहानपणी हा वाद कीर्तनात किंवा वर्गात ऐकला आहे, त्याला डॉल्चेचं पान परकं वाटू नये. त्या दर्शनांमध्ये संगणक होता असं म्हणायचं नाही. पदार्थांची वर्गवारी करताना कुठे अडखळायला होतं, याचा अनुभव मात्र आपल्या परंपरेच्या गाठीशी आहे आणि तो इथे उपयोगी पडतो.

ग्वारिनो आणि क्रिस्तोफर वेल्टी यांनी याच विचारातून ‘ऑन्टोक्लीन’ नावाची तपासणीची पद्धत दिली. ती विचारते : हा गुण त्या वस्तूला आयुष्यभर चिकटलेला आहे, की काही काळापुरता आहे? माणूस हा कायम माणूस असतो. विद्यार्थी काही वर्षांपुरता. म्हणून ‘माणूस’ हा ‘विद्यार्थ्या’चा उपप्रकार कधीच करता येत नाही. आता ज्वारीच्या दाण्याला हाच प्रश्न विचारा. दाणा हा दाणाच राहतो. तो पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढला की बियाणं होतो, गिरणीत नेला की खाणं होतो. बियाणं आणि खाद्य या त्याच्या भूमिका आहेत. त्या माणसानं दिलेल्या आहेत आणि बदलतात. काणी रोगासाठी गंधक किंवा थायरम चोळलं, की त्यातली खाण्याची भूमिका संपली. आम्ही भूमिकेला जातीच्या जागी बसवलं होतं, म्हणून त्या विषारी पिशव्या खाण्याच्या यादीत आल्या. ही एक तपासणी आधी केली असती, तर चूक कागदावरच सापडली असती.

न लिहिलेल्याचा अर्थ

तुलनेचा आणखी एक मुद्दा नवख्यांच्या हातून हमखास निसटतो. समजा, बियाण्याच्या एका पिशवीच्या नोंदीत बीजप्रक्रियेचा उल्लेखच नाही. नेहमीचा डेटाबेस म्हणेल, प्रक्रिया केलेली नाही. आउलवर चालणारी व्यवस्था म्हणेल, माहीत नाही. वेब कधीच पूर्ण नसतं, उरलेली माहिती दुसरीकडे कुठेतरी असू शकते, या समजुतीवर आउल उभी आहे. ही समजूत वेबसाठी योग्यच आहे. पण जिथे माहिती नसणं हेच धोक्याचं असतं, तिथे ती पुरत नाही. अशा जागी नोंदींची सक्ती तपासण्यासाठी 2017 मध्ये शॅकल हे वेगळं प्रमाण आलं. म्हणून दोन मांडण्या ताडताना त्यांत काय लिहिलं आहे एवढंच बघू नका. न लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ कोण कसा लावणार आहे, तेही बघा.

मांडणीची भाषा किती ताकदीची आहे यावर तिचा वेगही ठरतो. स्कॉसमधला शब्दसंग्रह हलका असतो : व्यापक संकल्पना, तिच्याखालची संकुचित संकल्पना, संबंधित संकल्पना, बस्स. आउलमध्ये नियम मांडता येतात, विसंगती शोधता येते, पण त्याची किंमत संगणकाला मोजावी लागते. म्हणूनच आउलच्या दुसऱ्या आवृत्तीत ईएल, क्यूएल आणि आरएल अशा तीन मर्यादित पातळ्या आखून दिल्या आहेत. स्नोमेड सीटीसारख्या प्रचंड पसाऱ्याला ईएल पातळीचा तर्क झेपतो, तो या मर्यादेमुळेच. अ‍ॅग्रोवॉक स्कॉसमध्ये आहे म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. लेख आणि अहवाल विषयवार शोधणं हे त्याचं मुख्य काम आहे आणि ते तो उत्तम करतो. फक्त त्यातल्या ‘व्यापक’ या संबंधाला ‘प्रकार आहे’ असं समजून त्यावरून निष्कर्ष काढायला जाऊ नये. व्यापक संकल्पना कधी जातीची असते, कधी संपूर्ण वस्तूची, कधी नुसती विषयाची.

उंदीर, माणूस आणि शंभरातले अडतीस

दोन ऑन्टॉलॉजींचा मेळ घालण्याच्या पद्धतींची परीक्षा घेणारा एक उपक्रम 2004 पासून दरवर्षी चालतो. जगभरातले संशोधक आपापली मेळ घालणारी साधनं त्यात आणतात. त्यातली एक परीक्षा मला फार शिकवून गेली. एका बाजूला प्रौढ उंदराच्या शरीररचनेची ऑन्टॉलॉजी, 2,744 संकल्पनांची. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कोशातला मानवी शरीररचनेचा भाग, 3,304 संकल्पनांचा. यांतल्या कोणत्या जोड्या जुळतात, हे जाणकारांनी आधी ठरवून ठेवलेलं आहे. साधनांनी त्या जोड्या शोधायच्या.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे दोन्हीकडची नावं अक्षरशः ताडून बघणं. त्यानं सापडलेल्या जोड्या जवळपास सगळ्या बरोबर निघतात. पण जाणकारांनी ठरवलेल्या जोड्यांपैकी शंभरात सुमारे 62 च सापडतात. उरलेल्या 38 साठी समानार्थी शब्द लागतात, रचनेचा आधार लागतो, बाहेरच्या वैद्यकीय कोशांची मदत लागते. चांगली साधनं आज शंभरातल्या नव्वदीच्या पुढे जातात, आणि त्यामागे अनेक वर्षांची मेहनत आहे. तरीही खरा प्रश्न संख्येच्या पलीकडे उरतो. उंदराचा पुढचा पाय आणि माणसाचा हात ‘सारखे’ आहेत का? उत्क्रांतीच्या नात्यानं हो. वापराच्या दृष्टीनं नाही. या पेचातून निघालेला एक मार्ग म्हणजे उबेरॉन, प्राण्यांच्या निरनिराळ्या जातींच्या शरीररचनेला सामाईक अशी तिसरी मांडणी. तिनं दोन्हीकडच्या संकल्पना एकमेकींत मिसळल्या नाहीत. दोघींच्या वर एक सामाईक संकल्पना ठेवली आणि तिच्याशी दोघींना जोडलं.

नावांवर विसंबण्याचा धोका आपल्या डाळींमध्ये तर ढळढळीत दिसतो. बाजारभावाच्या इंग्रजी याद्यांमध्ये हरभरा म्हणजे बेंगॉल ग्रॅम, मूग म्हणजे ग्रीन ग्रॅम, उडीद म्हणजे ब्लॅक ग्रॅम, तूर म्हणजे रेड ग्रॅम, हुलगा म्हणजे हॉर्स ग्रॅम. अक्षरांवरून जोड्या लावणारं साधन ही पाचही कडधान्यं ‘ग्रॅम’ या एका शब्दाभोवती गोळा करू लागतं, आणि वजनाचा ग्रॅमही त्यांच्यात येऊन बसतो. त्याच वेळी देशावरचा हुलगा आणि कोकणातला कुळीथ ही एकच वस्तू असूनही दोन टोकांना राहतात. ज्वारी आणि जोंधळा यांचंही तेच. इथे मार्ग एकच : संकल्पनेची ओळख तिच्या नावापासून सुटी करायची, तिला स्वतःचा पत्ता द्यायचा, आणि मग प्रत्येक भाषेतलं, प्रत्येक भागातलं नाव त्या पत्त्याला टाचायचं. स्कॉसमध्ये भाषेगणिक एक मुख्य नाव आणि हवी तितकी पर्यायी नावं देण्याची सोय नेमकी यासाठी आहे.

‘तेच’ म्हणण्याची जबाबदारी

जोडी सापडली, पण तिचं नातं काय लिहायचं? या पुस्तकाचा गाभा म्हणाल तर इथे आहे. आउलमध्ये ‘या दोन गोष्टी म्हणजे एकच’ असं सांगणारा एक संबंध आहे, आणि तो लिहायला इतका सोपा आहे की लोक सढळ हातानं लिहून टाकतात. तो एकदा लिहिला की पहिल्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं दुसऱ्याला लागू होतं, आणि दुसऱ्याबद्दलचं पहिल्याला. मंगळवेढा हे शहर आहे आणि मंगळवेढा हा तालुकाही आहे. दोन्हींचं नाव एकच, आणि शहर तालुक्याच्याच आत. त्यांना ‘एकच’ म्हटलं, की तालुक्याचं क्षेत्रफळ शहराला चिकटतं आणि शहराची लोकसंख्या तालुक्याला. पुढे कुणी त्या दोन्हींना तिसऱ्या मंगळवेढ्याशी जोडलं, की चूक साखळीनं पुढे जाते.

स्कॉसनं म्हणून नात्याच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत : तंतोतंत जुळणारं, जवळचं, अधिक व्यापक, अधिक संकुचित आणि संबंधित. ‘तंतोतंत’ हे नातं साखळीनं पुढे जातं. ‘जवळचं’ मुद्दाम पुढे जाऊ दिलेलं नाही. अ हे ब च्या जवळ, ब हे क च्या जवळ, म्हणून अ हे क च्या जवळ असेलच असं नाही, हे शहाणपण त्यात लिहून ठेवलेलं आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आज आपल्याच देशात घडतं आहे. आयुर्वेदात ‘ज्वर’ हा स्वतंत्र व्याधी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानाचा पहिलाच अध्याय त्यावर आहे आणि त्यात कारणभेदानं त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकाच्या वर्गीकरणात नुसता ‘ताप’ लक्षणांच्या प्रकरणात जातो. एक रोग, दुसरं लक्षण. मराठीत आपण दोन्हींना ताप म्हणतो, घरात थर्मामीटर एकच असतो. तरी या दोन संकल्पनांना ‘एकच’ म्हणणं म्हणजे दोन्ही शास्त्रांना न समजणं. आयुष मंत्रालयानं ‘नमस्ते’ या पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञा संकेतांकांसह मांडल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या तीन पद्धतींसाठी स्वतंत्र विभाग केला आणि जानेवारी 2024 मध्ये नवी दिल्लीत तो जाहीर झाला. वैद्यांचं निदान त्यांच्या स्वतःच्या संज्ञेत राहतं, आणि त्याच्या शेजारी आधुनिक निदानाचा संकेतांकही नोंदवता येतो. माझ्या मते तुलनेचा हा आदर्श आहे : दोन्ही बाजू शाबूत, आणि मधलं अंतर लिहिलेलं.

अंतर न लिहिल्यानं काय गमावतं, ते आपल्या नावातही दिसतं. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये माणसाचं नाव, आडनाव आणि ‘जादा नाव’ असे तीन रकाने आहेत. मधलं नाव तिसऱ्यात घालावं अशी सूचना. मराठी माणसाचं मधलं नाव जादा नसतं. ते वडिलांचं असतं, लग्नानंतर पुष्कळदा पतीचं. त्या एका शब्दात दोन माणसांमधलं नातं सांगितलेलं असतं. तो शब्द रकान्यात टाकला की अक्षरं उरतात, नातं जातं. वाडवडिलांच्या नोंदी, जुनी गावकीची कागदपत्रं किंवा परदेशी गेलेल्या कुटुंबांची वंशावळ सिमँटिक वेबवर आणायची असेल, तर ते नातं वेगळ्या विधानात लिहावंच लागेल.

सांभाळणारे हात

निवडीचा शेवटचा निकष तांत्रिक नाही. ही मांडणी कोण सांभाळतं? चूक कळवली तर दुरुस्त होते का? परवाना कसला आहे? अ‍ॅग्रोवॉक मुक्त परवान्यात मिळतो. स्नोमेड सीटीला परवाना लागतो, पण भारत 2014 पासून त्या संस्थेचा सदस्य असल्यानं देशात तो विनाशुल्क वापरता येतो. त्याची व्यवस्था पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र बघतं. भाषेच्या बाजूनं पाहिलं, तर मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल तयार झालं, गोवा विद्यापीठात कोंकणीचं. दोन्ही इंडोवर्डनेटच्या जाळ्यात इतर भारतीय भाषांशी जोडलेली आहेत. शब्दजाल हे शब्दांच्या अर्थांचं जाळं आहे, वस्तूंच्या जगाचं नाही, हे ध्यानात ठेवून वापरलं, तर मराठी नावं संकल्पनांना टाचण्यासाठी याच्याइतका जवळचा आधार दुसरा नाही.

पुस्तकाच्या पहिल्या भागात निवडीचे निकष आहेत, प्रत्येकासोबत सोडवलेलं उदाहरण आहे. दुसऱ्या भागात मेळ घालण्याच्या पद्धती, त्यातून निघणाऱ्या विसंगती शोधण्याची रीत आणि नात्यांच्या पायऱ्या निवडण्याचा सराव आहे. घाईत असलेल्या वाचकानं दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र भूमिकांवरचं प्रकरण वगळू नये. संगणकाचं शिक्षण नसलेल्या ग्रंथपालांनी, वैद्यांनी, कृषी सहायकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी हे पुस्तक वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी सूत्रं मागे ठेवली आहेत आणि उदाहरणं पुढे.

कारण साधनं कितीही हुशार झाली, तरी जोडी सुचवणं आणि जोडीला होकार देणं ही दोन कामं वेगळी आहेत. नावावरून सापडणाऱ्या बासष्ट जोड्या यंत्र क्षणात लावून देतं. बाकीच्या अडतीसपैकीही पुष्कळ ते सुचवेल. पण हुलगा म्हणजेच कुळीथ, मात्र ज्वर म्हणजे ताप नव्हे, हे त्या दोन्ही बाजू ज्याला ठाऊक आहेत त्यालाच सांगता येतं. मराठीतल्या संकल्पनांचे असे होकार-नकार दुसऱ्या कुणी आपल्या वतीनं देऊन टाकावेत, असं मला वाटत नाही.

आमच्या मांडणीत आज बियाणं ही दाण्याची भूमिका आहे, प्रक्रियेची नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंद नसलेला कुठलाही साठा खाण्याच्या यादीत येत नाही. त्या नियमाशेजारी खुलाशासाठी जी जागा असते, तिथे आम्ही चाचणीला आलेल्या त्या शेतकऱ्याचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे : हे पेरायचं बियाणं आहे, औषध चोळलंय याला. नियम का आहे, हे पुढे कुणी विचारलं तर त्याला याहून नेमकं उत्तर देता येणार नाही.